लघवीच्या घाईवरची नवीन गोळी कुणी घेतली आहे का?

कळवणगाडी
मी एसटीत वाहक, नाशिक–कळवण. वय ५१. वर्षभरापासून ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर, म्हणजे मूत्राशयाची अवेळी घाई. सीबीएस स्टँडवर लघवीला जाऊन आले तरी डबल बेल दिली की लागलीच. दुखत नाही, पण आत्ताच्या आत्ता नाही गेलं तर झालंच, अशी गत. पाण्याची बाटली ड्रायव्हरदादांजवळ ठेवते, म्हणजे हात जात नाही. लघवी, साखर, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल.

सॉलिफेनासिन ५ मिलिग्रॅम चार महिने घेतली. घाई कमी झाली, पण तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटायची. "वणी कोण, वणी?" ओरडायला जावं तर नुसती हवा. वर पोट साफ नाही. आता मिराबेग्रॉन लिहून दिलीय. बीपीची मेटोप्रोलॉल आधीपासून चालू आहे. ही खरंच नवीन आहे की जुनीच नव्या पाकिटात? आणि यापुढचं काही येतंय का?

गोळीवाला_पंचवटी
ताई, ही वेगळीच आहे. ऑक्सिब्युटिनिन अमेरिकेत १९७५ ला आलं. तुमची सॉलिफेनासिन त्याच घराण्यातली. स्नायूला आवळायला सांगणारा निरोप या गोळ्या अडवतात. पण लाळेच्या ग्रंथी आणि आतडीही तोच निरोप ऐकतात, म्हणून तोंड कोरडं. मिराबेग्रॉन जपानमध्ये २०११ ला आणि अमेरिकेत २०१२ ला मंजूर झालं. ते बीटा-३ नावाच्या दुसऱ्या दाराने (पेशीवरचा निरोप घेणारा रिसेप्टर) जाऊन स्नायू सैल करतं.

मात्र यकृतातलं जे एन्झाइम मेटोप्रोलॉलचा निचरा करतं, त्यालाच ही गोळी मंद करते. मेटोप्रोलॉल अंगात जास्त साठतं, नाडी मंदावू शकते. शिवाय हिने बीपीही वाढू शकतं. १८० वर ११० च्या घरात असेल तर देतच नाहीत. सुरू करण्याआधी दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. आणि चावू नका, तोडू नका. ती हळूहळू सुटणारी गोळी आहे.

द्राक्षबाग
चहा किती होतो दिवसाला? आमच्या आत्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

जुना_मास्तर
फार्माकॉलॉजी शिकवण्यात जन्म गेला, म्हणून जरा लांबण लावतो. मूत्राशयाच्या स्नायूची काडीएवढी पट्टी कोमट क्षारपाण्यात दोऱ्याने टांगतात, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. कार्बाकॉल टाकलं की पट्टी आखडते, कागदावर रेघ वर चढते. मग नवं रसायन टाकून रेघ उतरते का ते बघत बसायचं. गोची अशी की उंदराचा स्नायू बीटा-२ आणि बीटा-३ दोन्हींनी सैल पडतो, माणसाचा मुख्यतः बीटा-३ ने. उंदीर पास झाला म्हणून माणूस होईलच असं नाही. मिराबेग्रॉनवर तर सुरुवातीला मधुमेहासाठी काम चाललं होतं!

दुसरा अडसर प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीचा. बारा आठवड्यांच्या चाचण्यांत तिच्यावरही लघवीच्या दिवसाच्या फेऱ्या सरासरी १.२ ने घटल्या, मिराबेग्रॉन ५० वर १.७५ ने. म्हणजे खऱ्या औषधाची वरकमाई अर्धी फेरी. लोक वही लिहायला लागले की आपोआप सावरतात, त्यात औषधाचा वाटा वेगळा काढणं महाकठीण. मूत्राशय भरल्याचं मेंदूला कळवणारा पी२एक्स३ हा रिसेप्टर अडवून पाहिला, एलियापिक्संट नावाने. कागदावर झकास, चाचणीत प्लासिबोपुढे टिकलं नाही.

त्यातल्या त्यात नवं म्हणजे व्हिबेग्रॉन: जपान २०१८, अमेरिका २०२०. दार तेच बीटा-३ चं, पण मेटोप्रोलॉलच्या वाटेत येत नाही आणि बीपीवरही फारसं जात नाही. तुमच्या बाबतीत ते विचारण्यासारखं आहे.

कळवणगाडी
मास्तर, अर्धी फेरी तुम्हाला कमी वाटत असेल. माझ्यासाठी ती दिंडोरी ते वणी आहे.

डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी बीपीची गोळी बदलली, मग मिराबेग्रॉन २५ सुरू केली. पूर्ण गुण यायला आठ आठवडे लागू शकतात म्हणाले. आज विसावा दिवस. खिशातल्या वहीत मांडतेय: आधी १४, काल ११. मधल्या काळात चहा पाचावरून दोनावर आणलाय, त्यामुळे गोळीचं किती आणि चहाचं किती, ते मास्तरांनीच सांगावं. तोंड ओलं आहे. बाटली परवापासून माझ्या पिशवीत आहे.