भार बारा महिने सारखाच असेल तर क्लाउड कशाला?

दगडफूल
२०२५ ची नरकचतुर्दशी, २० ऑक्टोबर. आपल्याकडे दुपारचे सव्वाबारा वाजून गेले होते आणि ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या यूएस-ईस्ट-१ या डेटा सेंटरांच्या गटात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचा पत्ता डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीतून, पुसला गेला. पत्ते अद्ययावत ठेवणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या. मागे रेंगाळलेल्या एकीने जुनी यादी नव्या यादीवर चढवली, दुसरीने ‘ही जुनी’ म्हणून तीच साफ केली. उरली कोरी नोंद. स्नॅपचॅट, सिग्नल, फोर्टनाइट, ब्रिटनमधल्या काही बँका, सगळ्यांची दांडी गुल.

पडतं सगळंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपण क्लाउडला, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या सर्व्हरला, जास्तीचे पैसे मोजतो ते ‘सहसा पडणार नाही’ आणि ‘लागेल तेवढंच वापरा’ या दोन आश्वासनांवर. त्यातलं दुसरं आश्वासन स्थिर भार असणाऱ्याच्या काय कामाचं? ज्याच्या ईआरपीवर (कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जानेवारीतही तेवढीच माणसं आणि जूनमध्येही तेवढीच, त्याने क्लाउड घेणं म्हणजे घरच्या चार माणसांच्या जेवणासाठी वर्षभर मंगल कार्यालय अडवून ठेवणं.

बेसकॅम्प हे कामाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये त्यांचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. २०२३ मध्ये त्यांनी सुमारे सात लाख डॉलरचे डेलचे सर्व्हर घेऊन भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये बसवले. नंतर एस-थ्री या ॲमेझॉनच्या साठवणूक सेवेतला साठाही बाहेर काढला. पाच वर्षांत एक कोटी डॉलरच्या वर वाचतील असा त्यांचा हिशेब आहे. आपल्याकडच्या मध्यम कंपन्या हा हिशेब मांडतच नाहीत. ‘सगळे जातात म्हणून आपण.’

रात्रपाळी
दगडफूल, ३७सिग्नल्सकडे सर्व्हर सांभाळणारी तयार टोळी आधीपासून होती. ती तुमच्या हिशेबात कुठे आहे? नाशिकच्या एमआयडीसीतल्या सुट्या भागांच्या कारखान्यात अख्खा आयटी विभाग म्हणजे एक माणूस. तोच प्रिंटरही बघतो. पहाटे तीनला डिस्क गेली तर तो गावी गेलेला असतो.

आणि तुमच्या तारखेच्या बरोबर २४ दिवस आधीची एक तारीख मी देतो. २६ सप्टेंबर २०२५, दक्षिण कोरियातलं देजॉन. सरकारचं स्वतःचं डेटा सेंटर. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि सहाशेच्या वर सरकारी यंत्रणा बंद पडल्या. त्यात जी-ड्राइव्ह म्हणून सरकारी नोकरांची फायली ठेवायची जागा होती, ८५८ टेराबाइटची. तिचा बाहेर बॅकअपच नव्हता. कारण काय दिलं, तर साठा फार मोठा होता! फायली राखेत गेल्या. स्वतःचं लोखंड म्हणजे स्वतःची आग, हेही लिहा की.

शिवाय व्हर्जिनिया पडलं तेव्हा ॲमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे इथला डेटा सेंटरांचा गट, चालू होतं. आयएएममधल्या (कोणाला काय वापरता येईल ते ठरवणाऱ्या सेवेतल्या) बदलांसारख्या काही जागतिक गोष्टी तिकडे बांधलेल्या आहेत, त्या अडकल्या, एवढंच.

दगडफूल
देजॉनमध्ये क्लाउड नव्हता म्हणून घात झाला नाही, बॅकअप नव्हता म्हणून झाला. उलटं उदाहरण देतो. मे २०२४, ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड, सहा लाखांच्या वर सभासद. गूगलकडून त्यांचा खासगी क्लाउड उभारताना एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे मुदत एक वर्षाची धरली गेली आणि वर्ष सरल्यावर तो खासगी क्लाउड आपोआप पुसला गेला. तो दोन झोनमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या डेटा सेंटरांत, पसरलेला होता, तरी दोन्हीकडून एकदम गेला. सावरायला वेगळे ठेवलेले बॅकअप कामी आले. ‘दोन झोन घेतलेत, आता झोपा निवांत’ असं सांगणाऱ्या सल्लागारांना हे वाचायला द्या.

कृष्णाकाठ
दोघेही शहरातले दिसता. आमच्याकडचं सांगतो. मी साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत चिटबॉयच्या (शेतावर जाऊन नोंदी करणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) मोबाइलवरून ऊसनोंद, तोडणीचा कार्यक्रम, काट्यावरच्या वजनाच्या पावत्या, मग एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराची, बिलं. कायद्याने पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात, त्यामुळे पंधरवडा संपला की यंत्रणेला घाम फुटतो. पावसाळ्यात मात्र कोणी फिरकत नाही. असा भार असेल तर क्लाउडच. सर्व्हर विकत घेऊन सात महिने धूळ खात ठेवायला कुठला कार्यकारी संचालक सही करेल?

पण काटा आम्ही क्लाउडवर ठेवलेला नाही. गेटवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत असते. नेट गेलं म्हणून वजन थांबलं तर दहा मिनिटांत शिव्या आणि तासाभरात मोर्चा. काट्याशेजारच्या खोलीत एक साधा पीसी आहे. भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती सगळं तिथेच होतं, आणि नेट आलं की नोंदी वर चढतात. खरी डोकेदुखी तिथून पुढे. दोन काट्यांवर एकाच वाहनाची नोंद झाली, एका पीसीचं घड्याळ मागे राहिलं, तर खरी पावती कुठली? क्लाउड की स्वतःचं, या वादात याचं उत्तर नाही.

अनुस्वार
कृष्णाकाठ, तुमचा काटा हा या धाग्यातला सगळ्यात चांगला नमुना आहे. संशोधनात यावर भरपूर काम झालंय. जोडणी तुटलेली असताना दोन्हीकडे लिहू द्यायचं आणि नंतर भांडण न होता जुळवायचं, यासाठी सीआरडीटी नावाच्या रचना २०११ पासून चर्चेत आहेत. पण त्या बेरजा आणि याद्या छान जुळवतात. एका पावतीवर एकच खरं वजन, हा नियम त्यांच्याने पाळवत नाही. तिथे माणूस किंवा वाहननिहाय टोकन (एका वेळी एकाच काट्याला नोंद करू देणारा परवाना) लागणारच.

दगडफूल, तुम्ही व्हर्जिनियाची गोष्ट डीएनएसवर सोडलीत. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. डायनॅमोडीबीचा पत्ता आपल्या वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास परत आला होता. तरी सगळं सुरळीत व्हायला मध्यरात्र उलटली. का? ईसी-टू ही ॲमेझॉनची भाड्याच्या संगणकांची सेवा ज्या यंत्रांवर चालते त्यांचे करार, म्हणजे ती यंत्रं ताब्यात असल्याच्या मुदतीच्या नोंदी, मधल्या काळात संपले होते. हजारो करार एकदम नव्याने करायला गेल्यावर प्रत्येक काम पूर्ण होण्याआधीच त्याची वेळ संपायची आणि ते पुन्हा रांगेत जायचं. मूळ कारण गेलं तरी गर्दी स्वतःच स्वतःला पोसत राहिली. ॲमेझॉनच्याच अहवालात लिहिलंय की या परिस्थितीतून बाहेर यायची ठरलेली पद्धत नव्हती. शेवटी येणारी कामं रोखून, निवडक यंत्रणा पुन्हा चालू करून गाडं मार्गी लागलं. याला मेटास्टेबल फेल्युअर म्हणतात. त्यावर २०२१ मध्ये पहिला नीट मांडलेला निबंध आला, आणि असं कधी होईल हे आधी खात्रीने ओळखणं अजून जमलेलं नाही.

हे स्वतःच्या दोन रॅकवरही (सर्व्हरच्या कपाटांवरही) होतं बरं का. एका कॉलला उत्तर उशिरा आलं की तीनदा पुन्हा पाठवणारा कोड तुमच्या ईआरपीतही असणारच.

दगडफूल
मान्य. पण दोन रॅकवर झालं तर मी वायर काढू शकतो. व्हर्जिनियात मी स्टेटस पेज रिफ्रेश करण्यापलीकडे काय करणार?

आणि बिलाचं कोणीच बोलत नाहीये. २०२४ मध्ये एका डेव्हलपरने एस-थ्रीवर रिकामी, खासगी बकेट (साठवणुकीचा कप्पा) बनवली. योगायोगाने तेच नाव एका ओपन सोर्स साधनाच्या मूळ सेटिंगमध्ये होतं. जगभरातून एका दिवसात सुमारे दहा कोटी विनंत्या आल्या, सगळ्या नाकारल्या गेल्या, आणि बिल आलं १३०० डॉलरच्या वर. बोंब झाल्यावर ॲमेझॉनने नियम बदलला. पण ‘इतक्या रुपयांवर गेलं की सगळं बंद’ असं बटण आजही खात्यावर सरळ मिळत नाही. बजेटची सूचना येते, तीही वापर होऊन गेल्यावर काही तासांनी.

रात्रपाळी
असं बटण दिलं आणि पंधरवड्याच्या बिलांच्या रात्री ते दाबलं गेलं, तर कृष्णाकाठांच्या दारात मोर्चा येईल. बंद म्हणजे नक्की काय बंद करायचं? साठवणुकीचं भाडं चालूच असतं. मग डेटा पुसायचा का?

बाहेर पडायच्या खर्चाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. मुंबई रीजनमधून इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला जवळजवळ ११ सेंट, म्हणजे एक टीबीला नऊ-दहा हजार रुपये. आत आणणं फुकट. कायमचं सोडून जाणाऱ्यांसाठी तिन्ही मोठ्यांनी २०२४ मध्ये हा आकार माफ केला, तो युरोपच्या डेटा कायद्याची चाहूल लागल्यावर. आपल्याकडे रोज डेटा बाहेर नेणाऱ्याला महिन्याच्या पहिल्या १०० जीबीपलीकडे काही सवलत नाही. त्यामुळे दुसरीकडे रोजचा बॅकअप ठेवायचा म्हटलं की आमचे साहेब आकडा बघून गप्प होतात.

कृष्णाकाठ
आमचा बॅकअप उलट्या दिशेने जातो. काट्याचा पीसी मूळ, क्लाउड ही प्रत. वर पाठवायला पैसे पडत नाहीत. अनुस्वार ताई, त्या वाहननिहाय टोकनचं जरा सविस्तर लिहा ना. आमच्याकडे एकाच ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात आणि नोंद ट्रॅक्टरच्या नंबरवर होते, तिथेच सगळा घोळ आहे.

अनुस्वार
मग टोकन ट्रॅक्टरला न देता खेपेला द्या. गेटच्या आत येताना एक, दोन्ही ट्रॉल्या त्याखाली. ते संपेपर्यंत दुसऱ्या काट्याने त्या खेपेला हात लावायचा नाही. दोन काट्यांमध्ये एक साधी केबल टाकली तर यासाठी नेटचीही गरज नाही.

दगडफूल
म्हणजे शेवटी केबलच! हेच तर मी म्हणतोय.

रात्रपाळी
तुम्ही रॅक म्हणत होतात.