मंदी आधी घरातल्या नात्यांत शिरते
कोणीतरी म्हणालंय की १९३० च्या दशकातल्या मंदीवरच्या कादंबऱ्यांत नुसती भूकच असते, मला नाही पटत. वॉल्टर ग्रीनवूडची १९३३ ची कादंबरी 'लव्ह ऑन द डोल' (डोल म्हणजे बेकारी भत्ता) बघा, इंग्लंडमधल्या सॅलफर्डची कामगार वस्ती, तिथला तरुण हॅरी ७ वर्षं कारखान्यात उमेदवारी करतो आणि पुरा पगार द्यायची वेळ आली की त्याला काढूनच टाकतात, स्वस्तातली नवीन पोरं असतातच ना. त्याहून भयंकर ती मीन्स टेस्ट, म्हणजे बेकारी भत्ता देण्याआधी अख्ख्या घराच्या कमाईची तपासणी, घरात दुसरं कोणी कमावतंय तर तुझा भत्ता कमी किंवा बंद, म्हणजे धडधाकट पोराने बहिणीच्या पगारावर जगायचं. शेवटी बापाला नि हॅरीला काम मिळतं ते हॅरीची बहीण सॅली एका श्रीमंत बुकीकडे (पैजा घेणाऱ्याकडे) त्याची रखेल म्हणून गेली म्हणून. बाप तिच्यावर हात उचलतो, पण नोकरी नाकारत नाही. तिथे मला पुढे वाचवेना.