उंची 5 फूट 7 इंच. अमेरिकेत कॉलेज बेसबॉलचं स्वप्न बघावं का?

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा 16 वर्षांचा, अकरावीत. सहा वर्षं बेसबॉल खेळतोय, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर. वजन 57 किलो, कितीही खायला घाला, अंगी लागत नाही. भाऊ ओहायोत असतो, तो म्हणतो व्हिडिओ पाठव, बघू. पण इथल्या एका शिबिरात सरांनी सगळ्या पोरांसमोर ऐकवलं, "या अंगकाठीला तिकडे कोण विचारतंय?" तेव्हापासून दूध-केळी आणि दाराच्या रॉडला लटकणं चालू आहे. खरंच शरीर बघून ठरतं का?

सदाशिव_पेठी
क्रिकेटला घाला. तेंडुलकरांना कोणी उंची विचारली नव्हती.

जुना_कॅचर
ताई, सर अर्धं खरं बोलले. मी वीस वर्षं पोरांना शिकवतोय. गुडघे गेल्यापासून खुर्चीत बसून. पुतण्या तिकडे डिव्हिजन थ्रीला, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात खेळला, त्याच्याबरोबर दोन कॅम्प बघितले.

कोच आधी शरीर बघतो, पण आजचं नाही, एकविसाव्या वर्षीचं. रुंद खांदे, जाड मनगटं, लांब पाय आणि अंगावर मांस नाही, असा पोरगा त्यांना आवडतो, कारण दहा किलो जिममध्ये चढवता येतात. सोळाव्या वर्षीच भरलेला, मिशीवाला पोरगा आज लांब मारतो, पण त्याच्यात पुढे काय वाढणार? एका कोचला मी पोरं सोडून आई-बापांच्या उंच्या न्याहाळताना पाहिलंय! म्हणजे 57 किलोची काळजी सोडा.

आणि मैदानावरची जागा कुठली, तेही बघतात. उजव्या हाताचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बुटका असला की नाकं मुरडतात, डावखुऱ्याला बरंच माफ. फर्स्ट बेसला लांब हात लागतात. शॉर्टस्टॉपला मात्र पाय आणि थ्रो. तिकडचा व्यावसायिक खेळाडू डस्टिन पेड्रोया कागदावर 5 फूट 9 इंच, ॲरिझोना स्टेट विद्यापीठात शॉर्टस्टॉपच होता. 2008 मध्ये अमेरिकन लीगचा, म्हणजे तिथल्या दोन मुख्य व्यावसायिक लीगपैकी एकीचा, सर्वोत्तम खेळाडू झाला.

पण बुटक्या पोराची उंची स्टॉपवॉचवर मोजतात. 60 यार्ड, म्हणजे जवळपास 55 मीटर. सात सेकंदांच्या आत हवंच, 6.8 आलं तर मेल उघडतात. थ्रो ताशी 85 मैलांच्या आसपास, म्हणजे 137 किलोमीटर. सणस मैदानाच्या ट्रॅकवर टायमिंग घ्या. घड्याळ बापाच्या हातात देऊ नका, बापाचा अंगठा फार प्रेमळ असतो.

कोथरूडची_आई
रविवारी घेतलं. 7.3. घड्याळ दिराच्या हातात होतं. आता रोज वेताळ टेकडी चढायला लावू का?

जुना_कॅचर
टेकडी चढून दम वाढेल, वेग नाही. पुणेकरांना प्रत्येक दुखण्यावर टेकडीच सुचते. दहा-दहा यार्डांच्या पूर्ण जोरातल्या धावा, मध्ये नीट विश्रांती. जाणकाराच्या नजरेखाली स्क्वॉट, डेडलिफ्ट. पहिली तीन पावलं सुधारली तर 7.3 खाली येतं. व्हिडिओ मार्चनंतर पाठवा. आत्ताचा आकडा एकदा त्यांच्या वहीत गेला की पुसत नाही.

औंधचा_बाबा
स्कॉलरशिपचं काय हो? पूर्ण मिळते का?

जुना_कॅचर
फारशी नाही. डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, 2024-25 पर्यंत संपूर्ण टीमला मिळून 11.7 स्कॉलरशिप असायच्या, त्याच तुकडे करून वाटायचे. आता ती मर्यादा गेली, पण नवा नियम मानणाऱ्या कॉलेजांत टीमच जास्तीत जास्त 34 जणांची झाली. म्हणजे काठावरच्या पोराला जागा कमी. डिव्हिजन थ्रीत खेळावर पैसे नाहीतच, मार्कांवर मिळतात. ताई, अकरावीचे मार्क किती?

कोथरूडची_आई
मार्क बरे आहेत, तेवढं तरी माझ्याकडून आलं. दारातून रॉड काही काढला नाही. सासूबाईंनी त्यावर टॉवेल वाळत घातलाय.