पी५२ आणि ‘इ.स. १२५’

पी५२ म्हणजे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या हस्तलिखिताचा एक जुना तुकडा. ‘तो इ.स. १२५चाच’ असं ठोकून दिलं जातं, ते काही पटलं नाही. त्यावर तारीख-बिरीख नाही. पपायरस-अभ्यासक कॉलिन रॉबर्ट्स यांनी १९३५ साली तो प्रसिद्ध करताना नुसत्या अक्षरवळणावरून काळ ठरवला. दुसरे अभ्यासक ब्रेंट नॉन्गब्री यांच्या मते (२००५) तिसऱ्या शतकाची सुरुवातही बाद करता येत नाही. मला जास्त गंमत वाटते ती मागच्या बाजूची. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातला हा पपायरसचा (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदाचा) कपटा जेमतेम ९ बाय ६ सेंटिमीटर. पुढे योहानाच्या १८व्या अध्यायातली ३१-३३ वचनं, मागे ३७-३८. गुंडाळीवर सहसा एकाच बाजूला लिहीत; इथे मजकूर दोन्हीकडे, म्हणजे गुंडाळी नव्हे, चक्क पानांचं पुस्तक! मधल्या हरवलेल्या मजकुरावरून पानाला साधारण १८ ओळी असाव्यात, असा हिशेबही अभ्यासकांनी मांडलाय.