डीप पर्पल ऐकायला सुरुवात कोठून करावी? (सल्ला हवा आहे)

नवश्रोती_नाशिक

नमस्कार. मी अनेक वर्षे ख्यालगायन शिकते आणि ऐकते. रॉक संगीताशी मात्र माझा आजवर फारसा संबंध आला नव्हता. मुलगा गिटार शिकू लागल्यापासून ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती सुप्रसिद्ध सुरावट घरात सतत वाजत असते आणि त्यामुळे डीप पर्पल या रॉक बँडचे वादक मुळात काय करत होते, याविषयी मनापासून उत्सुकता निर्माण झाली आहे. शोध घेऊ लागले तेव्हा लक्षात आले की या बँडचे गायक आणि गिटारवादक वारंवार बदलले आहेत, अल्बमची संख्या मोठी आहे आणि एकाच गाण्याची कितीतरी ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. निवडक लोकप्रिय गाण्यांचा संग्रह मला नको आहे. एखादी कलाकृती सलग बसून ऐकावी आणि तिच्यातून या मंडळींचा विचार कळावा, अशी इच्छा आहे. कोणता अल्बम आधी घ्यावा, आणि स्टुडिओतील ध्वनिमुद्रण ऐकावे की मैफलीतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_कॅसेट

नवश्रोतीताई, ‘मशीन हेड’पासून सुरुवात करावी. मी हा अल्बम काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेल्या कॅसेटवर ऐकला आणि आजही तो सुरू केला की शेवटपर्यंत थांबवत नाही. मूळ अल्बममध्ये केवळ सात गाणी आहेत आणि त्यांतले एकही भरतीचे नाही.

तुमचा मुलगा वाजवतो त्या गाण्यामागची हकिकत खरी आहे, ती माहीत असली की ऐकण्यात भर पडते. डिसेंबर 1971 मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमधील माँत्रो या जिनिव्हा सरोवराकाठच्या गावी ध्वनिमुद्रणासाठी पोचली होती. तेथील कॅसिनोच्या सभागृहात काम करायचे ठरले होते आणि रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ध्वनिमुद्रणाची सर्व यंत्रे बसवलेला ट्रक, त्यांनी भाड्याने घेतला होता. 4 डिसेंबरला त्याच सभागृहात अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झापा यांचा कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांपैकी कोणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारी बंदूक, झाडली, छताने पेट घेतला आणि संपूर्ण इमारत जळून गेली. माँत्रो जाझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नोब्स यांनी आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढले. गाण्यात ‘फंकी क्लॉड’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते हेच गृहस्थ. सरोवरावर पसरलेला धूर बँडने आपल्या हॉटेलमधून पाहिला आणि रॉजर ग्लोव्हर यांना गाण्याचे शीर्षक सुचले.

पुढे एका नाट्यगृहात काम सुरू केले, तर आवाजामुळे शेजाऱ्यांची तक्रार गेली आणि पोलीस आले. अखेरीस हिवाळ्यामुळे बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या व्हरांड्यांत गाद्या उभ्या करून त्यांनी उरलेला अल्बम पूर्ण केला. त्या अल्बमचा आवाज एवढा कोरडा, जवळचा आणि थेट का वाटतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी या व्हरांड्यांत आहे.

मंद्र_सप्तक

जुनी_कॅसेट यांनी सांगितलेली हकिकत अचूक आहे, तरीही माझा सल्ला वेगळा आहे. नवश्रोतीताई ख्याल ऐकणाऱ्या आहेत, आणि ज्याला उपजेची गोडी आहे त्याने डीप पर्पलची ओळख स्टुडिओतील गाण्यांवरून करून घेऊ नये. त्यांनी ‘मेड इन जपान’ आधी ऐकावा.

15 आणि 16 ऑगस्ट 1972 रोजी ओसाका येथे आणि 17 ऑगस्टला टोकियोच्या बुदोकान सभागृहात झालेल्या मैफलींमधून हा अल्बम तयार झाला. असा अल्बम काढावा हा आग्रह जपानमधील ध्वनिमुद्रण कंपनीचा होता. बँडला त्याचे फारसे आकर्षण नव्हते आणि आपला ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च सोबत असेल तरच संमती देऊ, अशी त्यांची भूमिका होती. रिची ब्लॅकमोर (गिटार), जॉन लॉर्ड (ऑर्गन), इयन गिलन (गायन), रॉजर ग्लोव्हर (बेस) आणि इयन पेस (ड्रम) असा तो संच होता. चाहते त्याला ‘मार्क टू’, म्हणजे बँडचा दुसरा संच, म्हणतात. 1969 मध्ये गिलन आणि ग्लोव्हर आल्यावर तो पूर्ण झाला आणि 1973 च्या मध्यावर ते दोघे बाहेर पडल्याने विस्कटला. एवढ्या थोड्या काळात त्यांनी जे केले ते विलक्षण आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आता ऐकायचे काय, ते सांगतो. ‘स्पेस ट्रकिन’ हे गाणे ‘मशीन हेड’वर साडेचार मिनिटांचे आहे, येथे तेच जवळजवळ वीस मिनिटे चालते. बांधलेला भाग लवकर संपतो आणि पुढे लॉर्ड ऑर्गनवर, मग ब्लॅकमोर गिटारवर, त्या क्षणी सुचेल तशी मांडणी करत जातात. बाकीचे तिघे ती कोठे चालली आहे हे ओळखून साथ बदलतात. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक वाक्य वाजवतात आणि गिलन तेच गळ्यातून काढतात, मग आणखी अवघड वाक्य, मग त्याहून अवघड. हा सवाल-जवाब तुम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

जॉन लॉर्ड यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांचे शिक्षण पाश्चात्त्य अभिजात संगीताचे होते आणि त्यांनी हॅमंड ऑर्गन गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्शल अँप्लिफायरला जोडून त्याचा आवाज मुद्दाम फाटू दिला. प्रथम ऐकणाऱ्याला पुष्कळदा तो दुसरा गिटार वाटतो. ‘हायवे स्टार’मधील ऑर्गनचा आणि गिटारचा असे दोन्ही सोलो, म्हणजे एकल वादनाचे भाग, पाश्चात्त्य अभिजात संगीतकार बाख यांच्या धाटणीच्या स्वरक्रमांवर उभे आहेत, त्यामुळे एवढ्या वेगातही त्यांची बांधणी कोठे सैल पडत नाही.

मुलाला एक सांगावे. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरावट बहुतेक विद्यार्थी सुट्या स्वरांत वाजवतात. ब्लॅकमोर एकाच वेळी दोन तारा वाजवतात, आणि त्या दोन स्वरांमधले अंतर षड्ज-मध्यमाचे असते. शिवाय ते तारा पिकने न छेडता बोटांनी ओढतात, त्यामुळे दोन्ही स्वर नेमके एकाच क्षणी उमटतात.

ठेका_तीनताल

मंद्र_सप्तक यांच्याशी सहमत आहे. एक भर घालतो: एकदा संपूर्ण अल्बम केवळ इयन पेस यांच्यासाठी ऐकावा. ते डावखुरे आहेत, त्यांच्यावर जाझ ड्रमवादनाचा गाढ संस्कार आहे आणि 1968 पासून आजपर्यंत बँडच्या प्रत्येक संचात असलेले ते एकमेव वादक आहेत. ‘लेझी’ ऐकताना त्यांचे वादन इतक्या मोठ्या आवाजातही किती हलके राहते, ते कळेल.

नवश्रोती_नाशिक

सर्वांचे आभार. काल ‘मेड इन जपान’ सलग ऐकला. ‘चाइल्ड इन टाइम’ने मी अक्षरशः स्तब्ध झाले. सुरुवातीच्या त्या संथ ऑर्गनपासून गिलन यांचा आवाज शब्द सोडून केवळ स्वरावर टप्प्याटप्प्याने वर चढत जातो, आणि तार सप्तकात पोचल्यावरही तो सुरातून ढळत नाही, हे मला गायिका म्हणून फार मोठे वाटते. ही रचना कोठून आली असावी?

मंद्र_सप्तक

तिच्या मुळाशी मुंबईचे नाव आहे. इट्स अ ब्यूटिफुल डे या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची रचना 1969 मध्ये आली होती. तिची सुरावट लॉर्ड यांनी संथ लयीत वाजवायला घेतली आणि त्यातून ‘चाइल्ड इन टाइम’ घडले. ही उसनवारी गिलन यांनी उघडपणे मान्य केली आहे. गाण्याची स्टुडिओतील आवृत्ती 1970 च्या ‘इन रॉक’ या अल्बमवर आहे आणि तुमचा पुढचा मुक्काम तोच असावा. वय वाढल्यावर गिलन यांनी हे गाणे मैफलीत गाणे थांबवले. जे पूर्वीसारखे होणार नाही ते करू नये, हा त्यांचा निर्णय मला फार आदरणीय वाटतो.

दादरकर_82

‘बॉम्बे कॉलिंग’चा विषय निघालाच आहे तर सांगतो. एप्रिल 1995 मध्ये डीप पर्पल मुंबईत आले होते, आणि त्या मैफलीचे चित्रण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ याच नावाने प्रसिद्ध झाले. रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाच्या कार्यक्रमांमध्ये मुंबईचे बँड ज्यांची गाणी वाजवत, तेच लोक समोर उभे आहेत, ही त्या पिढीसाठी केवढी गोष्ट होती, ते आज सांगून कळणे कठीण आहे.

त्या वेळी ब्लॅकमोर बँड सोडून गेले होते आणि गिटारवादक स्टीव्ह मोर्स नुकतेच आले होते. त्यांचा ‘पर्पेंडिक्युलर’ हा पहिला अल्बम 1996 मध्ये आला. मोर्स ब्लॅकमोरची नक्कल करत नाहीत. त्यांचे वादन अधिक मोकळे आणि प्रसन्न आहे. या कालखंडाकडे जुने चाहते दुर्लक्ष करतात ते योग्य नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘पर्पेंडिक्युलर’वरील ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ ताईंनी आवर्जून ऐकावे.

कोल्हापुरी_बेस

येथे ‘बर्न’चा उल्लेखही झालेला नाही याचे वाईट वाटले. गिलन आणि ग्लोव्हर गेल्यावर बँड संपला असे अनेकांनी गृहीत धरले होते. तेव्हा कापडाच्या दुकानात काम करणारा, बाहेर कोणाला ठाऊक नसलेला डेव्हिड कव्हरडेल गायक म्हणून निवडला गेला. ग्लेन ह्यूज बेस वाजवू लागले आणि तेही गाऊ लागले. 1974 च्या या अल्बममध्ये एक खर्जातला, भरदार आवाज आणि एक तार सप्तकात लीलया फिरणारा आवाज यांची जोडी ऐकायला मिळते. त्याचे ध्वनिमुद्रणही माँत्रोलाच झाले. ‘मिस्ट्रीटेड’ हे संथ ब्लूज कंठसंगीताच्या अभ्यासकाने टाळू नये.

जुनी_कॅसेट

‘बर्न’ उत्तमच आहे, पण क्रमाने तो ‘इन रॉक’नंतर यावा. ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रूप अँड ऑर्केस्ट्रा’ मात्र पहिल्या महिन्यात घेऊ नये. लॉर्ड यांची ती रचना 24 सप्टेंबर 1969 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये माल्कम आर्नल्ड यांच्या संचालनाखाली रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासह सादर झाली. पुढे तिची मूळ स्वरलिपी हरवली. एका तरुण डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून आणि चित्रण पाहून ती पुन्हा लिहून काढली, आणि 1999 मध्ये त्याच सभागृहात ती परत वाजली. रचना महत्त्वाकांक्षी आहे, पण बँड आणि वाद्यवृंद तिच्यात बराच वेळ वेगवेगळे चालतात, असे मला वाटते. लॉर्ड यांच्यावर प्रेम जडल्यानंतर ती ऐकली तर अधिक न्याय मिळेल.

नवश्रोती_नाशिक

म्हणजे ‘मेड इन जपान’, ‘इन रॉक’, ‘मशीन हेड’, मग ‘बर्न’ आणि ‘पर्पेंडिक्युलर’ असा क्रम मी ठरवते. ‘मशीन हेड’च्या नव्या आवृत्तीत जादा गाणी दिसतात, ती घ्यावी की मूळ सातच गाण्यांची?

मंद्र_सप्तक

प्रथम मूळ सात गाणी, त्याच क्रमाने. त्यानंतर जादा गाण्यांमधले ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ स्वतंत्रपणे ऐकावे. ते माँत्रोच्या त्याच सत्रात ध्वनिमुद्रित झाले होते, परंतु अल्बममधून वगळून ‘नेव्हर बिफोर’ या एकल ध्वनिमुद्रिकेच्या मागच्या बाजूला टाकले गेले. गिलन यांचा इतका मृदू आवाज त्या काळात क्वचितच सापडतो.