विमानातून पडलेलं जातं

वेढ्यातल्या लोकांना विमानातून रसद पहिल्यांदा कधी पोचवली, असं विचारलं की बहुतेक जण १९४८ चं, रशियानं नाकेबंदी केलेलं बर्लिन सांगतात. अहो, त्याच्या ३२ वर्षं आधी पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात), टायग्रिस नदीच्या वळणावरल्या कुत गावात हे झालं होतं. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिथे ब्रिटिश जनरल टाउनशेंडची फौज कोंडली होती. त्यात १०३ वी, ११० वी, ११७ वी अशा मराठा पलटणीही होत्या. आमच्या बेळगावच्या मराठा सेंटरवरून (मराठा पलटणींच्या लष्करी केंद्रावरून) रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल!

पीठ संपलं, जव उरले, पण दळायचे कशावर? म्हणून विमानातून चक्क जात्याचे दगड टाकले. धान्यही टाकलं, पण त्या वेळची विमानं नेणार तरी किती? घोड्याचं मांस खायला अनेक भारतीय शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे १३,००० जण कैद. शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले, त्यांतले हजारो मेले. टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात.