शिअर पिनच्या जागी बोल्ट नकोच

एम३५ए२ (अमेरिकी लष्करी ट्रक) च्या पुढच्या विंचची, म्हणजे केबलने ओढायच्या यंत्राची, शिअर पिन (जादा ताण आला की आधी तुटणारी खीळ) सारखी तुटते, म्हणून तिथे हाय-टेन्साइल (जास्त मजबूत) बोल्ट टाका, असं एकाने सुचवलंय. कृपया असं करू नका! ती पिन मुद्दाम मऊ धातूची असते. ती तुटली नाही तर सगळा ताण वर्मगिअरवर (ड्रम फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरवर) किंवा केबलवर जातो, आणि कास्ट हाउसिंगला तडा गेला की विंच संपलाच.

त्यापेक्षा पिन का तुटते ते शोधा. इंजिन बंद, पीटीओ (इंजिनची ताकद विंचला देणारा गिअर) न्यूट्रल, पिन काढून शाफ्ट सुटा करा. ड्रमचा क्लच सोडून विंचचा इनपुट शाफ्ट पाइप पान्याने फिरवा. ड्रमही (केबल गुंडाळायचा रूळ) सोबत फिरला तर त्याचं बुश (आतली बेअरिंगची नळी) शाफ्टला गंजून धरलंय. शाफ्टच हलला नाही तर दोष बहुधा वर्मच्या बाजूला. ड्रेन प्लग उघडून तेलात पाणी शिरलंय का पाहा, पांढुरकं दुधाळ तेल आलं तर तेच कारण.

बुश धरलं असेल तर ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) काढून त्याच भोकातून पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं पातळ तेल) सोडा, रात्रभर मुरू द्या. मग ड्रम थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत राहा. इंजिनच्या जोरावर सोडवायला जाऊ नका. सुटल्यावर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा.

ओढताना ड्रमवर किमान ५ वेढे ठेवा, केबलवर जाड ताडपत्री टाका आणि ताणाच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. १०,००० पौंडांची (सुमारे ४,५०० किलो) क्षमता फक्त सर्वांत आतल्या थराची आहे. वरच्या थरांवर ती कमी होते. जड ओढ असेल तर स्नॅच ब्लॉक (केबल वळवून ओढ वाढवणारी कप्पी) लावा.